दिल्मूनच्या राजांची थडगी

दस्मान हा कुवेत शहराचा ईशान्येकडील समुद्रकाठचा भाग. तेथे १९०४ साली बांधलेला सबाह घराण्याचा राजवाडा आहे, परंतु या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे वाड्यात नांदलेला अमीर देहान्तानंतर सुलैबिखातच्या दफनभूमीत, रयतेच्या शेजारी, साध्या मातीखाली विसावतो. ज्या किनाऱ्यावर आज राजाच्या कबरीवर घुमट चढवण्याची चाल नाही, त्याच किनाऱ्यासमोरच्या फैलका बेटापर्यंत चार हजार वर्षांपूर्वी ज्यांचा व्यवहार पसरला होता त्या दिल्मून या प्राचीन राज्याच्या राजांसाठी बहारीनमध्ये दुमजली दगडी मनोऱ्यांची समाधिस्थाने रचली जात, ही गोष्ट येथे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

इ. स. पूर्व २२०० ते १७५० या काळात बहारीनच्या पश्चिम भागात मृतांसाठी ज्या टेकड्या उभारल्या गेल्या, त्यांतील ११,७७४ आजही शिल्लक आहेत, आणि २०१९ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांतील सतरा राजटेकड्या आली गावात आहेत. गाव कुंभारांचे, घरांच्या दाटीतून एकाएकी मातीखड्यांचा प्रचंड उंचवटा समोर येतो, आणि त्या पुरातन भरावाच्या कुशीतच मडकी भाजण्याच्या भट्ट्या बसवलेल्या दिसतात. उकरलेल्या टेकडीच्या पोटात दगडी भिंतींची अरुंद दालने, त्यांच्या टोकांना कोनाडे, आणि माथ्यावर एकेक अवजड शिळा आडवी टाकलेली. ती कोणत्या यातायातीने वर चढवली असेल, या विचारात माणूस बराच वेळ तेथे खिळून राहतो.

दालने मात्र रिकामी आहेत, कारण चोरांनी ती प्राचीन काळीच लुटली होती. १८८९ साली थिओडोर बेंट आणि त्यांच्या पत्नी मेबल यांनी येथे खोदकाम केले, तेव्हा त्यांच्या हाती हस्तिदंताचे तुकडे आणि शहामृगाच्या अंड्यांची कवचे यांसारखी उरलीसुरली सामग्री आली. १९२५ साली अर्नेस्ट मॅके यांनी येथे उत्खनन केले, आणि पुढे मोहेंजोदडोच्या उत्खननाची धुराही त्यांनीच वाहिली. पैलतीरावरील लोक आपले मृत या बेटावर आणून पुरत असावेत, असे त्यांचे अनुमान होते, परंतु १९५३ नंतर ग्लोब आणि बिबी यांच्या डॅनिश पथकाने बहारीनच्या किल्ल्याखालचे नगर उजेडात आणल्यावर ते टिकले नाही. हे मृत बेटावरचेच, आणि त्यांचे राजेही बेटावरचेच होते.

त्या राजांची नावे कळण्यास मात्र फार विलंब लागला. १८७९ साली कॅप्टन ड्युरँड यांना बहारीनमध्ये एक काळा शिलाखंड सापडला होता. त्यावरील कीलाक्षरी लेखात रिमुम नावाच्या पुरुषाचा प्रासाद आणि इन्झाक या दिल्मूनच्या देवावरून घेतलेली ‘अगारुमच्या इन्झाकचा सेवक’ ही त्याची उपाधी यांचा निर्देश होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आलीच्या एका राजटेकडीत दगडी भांड्यांच्या फुटक्या तुकड्यांवर त्याच घराण्याचे अक्षर मिळाले: यग्ली-एल, रिमुमचा पुत्र, इन्झाकचा सेवक. लुटारूंनी टाकाऊ म्हणून मागे सोडलेल्या तुकड्यांनीच राजाला त्याची ओळख परत दिली, हे मला या साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते.

आणि हे अगारुम कोठले? फैलकावर सापडलेल्या लेखांतही अगारुमच्या इन्झाकचे नाव येते, म्हणून ते फैलकाचेच प्राचीन नाव असावे असे काही विद्वान मानतात, तर काही ते अरबस्तानच्या भूमीवर शोधतात. माझे मन पहिल्या पक्षाकडे झुकते, कारण इन्झाकच्या उपासनेची इतकी दाट साक्ष त्या लहानशा बेटावर मिळते. म्हणून आलीला निघणाऱ्याने आधी फैलकाच्या मुद्रा निरखून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे: बटणाएवढ्या, वाटोळ्या, पाठीवर तीन समांतर रेघा आणि चार बिंदुवर्तुळे, पुढच्या अंगाला हरिणे, बैल, मद्यपान करणारे पुरुष. अशाच आखाती घडणीची एक मुद्रा गुजरातेत लोथलला मिळाली आहे. त्या राजांचे ऐश्वर्य ज्या दर्यावर्दी व्यापारावर उभे होते, त्याचा कारभार या मुद्रांच्या ठशांनी चालत असे, आणि तो आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता.