सर्पगंधा : मुळातील अल्कलॉइडांच्या शोधाचा इतिहास

करवीर कुलातील (ॲपोसायनेसी) हे लहान क्षुप कोकण व सह्याद्रीच्या दमट वनांत आढळते. मराठीत त्यास अडकई असेही म्हणतात. शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना. सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर त्याचे मूळ पूर्वापार वापरले जात असे. मुळातील बहुतेक अल्कलॉइडे सालीत असतात. म्हणून औषधासाठी मूळ सालीसह घेतात.

दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये मुळातून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. त्यांपैकी अजमलिनास हकीम अजमल खान यांचे नाव दिले आहे. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील मुळाचा गुण नोंदविला. मात्र मुळाचा शामक गुण या स्फटिकांत पुरेसा दिसेना.

याचे कारण निष्कर्षणाच्या रीतीत होते. मुळाच्या भुकटीचा अल्कोहॉलात अर्क काढून तो दाट करीत व विरल अम्लात मिसळीत. नंतर अमोनिया घालून प्रबल क्षारक वेगळे करीत. दुर्बल क्षारक असलेला मुख्य घटक मात्र निरुपयोगी वाटणाऱ्या राळयुक्त अंशात राहून जाई.

मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११–७४) यांनी शुद्ध घटकाची वाट न पाहता मुळाचेच औषध ५० रुग्णांना दिले आणि रक्तदाब उतरल्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीतील म्यूलर, श्लिट्लर व बाइन यांनी त्याच राळयुक्त अंशातून रेसर्पीन मिळविले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक लाभले.

रेसर्पिनामुळे मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन व सेरोटोनीन यांचा साठा घटतो. त्यामुळे रक्तदाब उतरतो व मन शांत होते. काही रुग्णांत मात्र खिन्नता उद्‌भवते. पुढे अधिक सोयीची औषधे आल्याने त्याचा वापर मागे पडला. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये त्याचे संश्लेषण केले. तथापि ते दीर्घ व खर्चिक असल्याने मुळांची मागणी कायम राहिली. मूळ काढताना वनस्पतीच नष्ट होते. बेसुमार खोदाईमुळे ती दुर्मिळ झाली व १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. लागवड हाच तिच्या रक्षणाचा खात्रीचा मार्ग होय.