उत्तर फिरंगाण : वसई बंदराभोवतालच्या पोर्तुगीज प्रांताचा उदय व विघटन

प्रस्तावना

प्रशासकीय सीमा परिवर्तनशील असतात, याचा अनुभव पूर्व विदर्भास आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. नागझिऱ्याचे अरण्य मात्र जागचे हलले नाही. पोर्तुगालमध्येही पोर्तो बंदराभोवतालचा 'ग्रांदे पोर्तो' हा उपप्रदेश २०१५ च्या पुनर्रचनेत संपुष्टात आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीच वसईभोवती असा एक प्रांत उभारला होता. आपल्या अभ्यासक्रमात वसई येते ती मुख्यतः १७३९ च्या युद्धामुळे. तेथील प्रशासन दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात त्या प्रशासनाचा विचार केला आहे.

प्रांताची घडण

२३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या अधीन असलेली साष्टी, मुंबई इत्यादी बेटे पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यास दिली. १५५९ मध्ये दमण जिंकल्यावर चौल ते दमण या पट्ट्यात 'उत्तर प्रांत' आकारास आला. मराठी कागदपत्रांत पोर्तुगीज मुलखास 'फिरंगाण' म्हणत. गोव्याच्या अधीन असलेला उत्तरेचा जनरल वसईस राहत असे.

माहीम, तारापूर, डहाणू, आशेरी ही ठाणी परस्परांशी मुख्यतः समुद्रमार्गे व खाड्यांनी जोडलेली होती. गावे पोर्तुगीज सरदारांना ठराविक 'फोरो' म्हणजे खंड घेऊन दिली जात व त्याबदली संरक्षणासाठी घोडे बाळगण्याची अट असे. सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये केलेली महसुलाची नोंदवही या व्यवस्थेचे महत्त्वाचे साधन होय.

विघटन

प्रांताचा पहिला लचका युद्धाने नव्हे, विवाहाने तुटला. १६६१ च्या विवाह-तहान्वये मुंबई इंग्लंडकडे गेली. व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो याच्या विरोधामुळे प्रत्यक्ष हस्तांतर १६६५ पर्यंत लांबले. त्यामुळे वसईच्या दाराशीच प्रतिस्पर्धी बंदर उभे राहिले.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्मपालनाची मुभा होती. पुढील वर्षी चौलही पोर्तुगीजांच्या हातून गेले. मध्यवर्ती बंदर गेल्यावर उरलेले तुकडे एकत्र राहिले नाहीत. साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. दमण व दीव मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले.

निष्कर्ष

उत्तर प्रांत हा भूमीने नव्हे, तर बंदराने बांधलेला प्रदेश होता. म्हणूनच वसईबरोबर तो प्रशासकीय घटक म्हणून संपला. त्याच्या खुणा मात्र टिकल्या. मुंबईतील 'फोरास' या धारापद्धतीचे नाव पोर्तुगीज 'फोरो'शी जोडले जाते, आणि वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आजही तेथेच नांदतो. इंग्रजांच्या काळात हाच टापू पुन्हा एका बंदराभोवती, म्हणजे मुंबईभोवती, गुंफला गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होऊन वसई त्यात समाविष्ट झाली.

१७३९ चा विजय हा मराठ्यांच्या शौर्याचा इतिहास आहे, तसाच तो दोन शतकांच्या प्रशासनाच्या अंताचाही आहे. पोर्तुगीज दफ्तर व मोडी कागदपत्रे एकत्र वाचल्याखेरीज तेथील रयतेचा इतिहास पूर्ण होणार नाही. इतिहास विभागांनी प्रादेशिक इतिहास शिकविताना लढायांइतकेच महसूल व सीमा यांनाही स्थान द्यावे, असे सुचवावेसे वाटते.