थ्रेड : कागद भरवणारा हात

१/ २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. आमच्या घरातून चिखलाने माखलेले जे कागद निघाले, त्यांत पोलादपूरकडील जमिनीच्या फेरफाराची आजोबांच्या काळची नक्कल होती. ती वाळली, पण लाटेसारखी वाकली. परवा मी ती प्रिंटरच्या फीडरमध्ये घातली. कागद दोन बोटे आत गेला आणि थांबला. वरचे झाकणही उघडेना.

२/ अशा वेळी हात जोर लावू पाहतो. त्याआधी हे काम मुळात कोणाचे होते, ते पाहू.

३/ २९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचे 'टाइम्स' प्रथमच कोनिगच्या वाफेच्या यंत्रावर छापले गेले. छपाईला वाफ आली, तरी प्रत्येक ताव यंत्रात घालणारा माणूसच होता.

४/ २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसनने न्यूयॉर्कमध्ये पहिली कोरडी प्रत काढली. १९५९ मध्ये आलेल्या झेरॉक्स ९१४ वरही मूळ कागद काचेवर हातानेच ठेवावा लागे. कारण स्पष्ट आहे : यंत्र एकसारखे असते, कागद नसतो.

५/ फीडर हा त्या हाताचा वारस. रबरी रूळ वरचा ताव ओढतो, खालची रबरी पट्टी दुसऱ्याला अडवते. सपाट, सुट्या कागदाला हे जमते. वाकलेला कागद मात्र घडी होऊन झाकणाखाली अडकतो. त्याच्या दाबाने खिट्टी ताणली जाते आणि झाकण घट्ट बसते. तेव्हा ओढले तर खिट्टी तुटते किंवा कागद फाटतो.

६/ उपाय : प्रिंटर बंद करून प्लग काढावा. ट्रेमधले सुटे कागद बाजूला करावेत. झाकण आधी हलकेच खाली दाबावे. ताण सुटला की खिट्टीच्या बाजूने उचलावे. तरीही न उघडल्यास काचेवरचा संपूर्ण भाग उचलून खालून कागदाची कडा दिसते का, ते पाहावे. कागद दोन्ही हातांनी, सावकाश, सरळ ओढावा. राहिलेला कपटा शोधावा आणि झाकण 'टक' आवाज होईपर्यंत बंद करावे.

७/ माझी नक्कल निघाली; एक कोपरा गेला, अक्षरे वाचली. आता ती काचेवर ठेवूनच स्कॅन करतो. जुन्या, ओल्या, चिकटवलेल्या किंवा फाटक्या कागदाला फीडर कधीही दाखवू नये.

८/ महाडला पुराव्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. चवदार तळ्याचा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी इथल्याच न्यायालयात दाखल झाला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने संपला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेली लढाई अखेर पुराव्यापाशी येऊन थांबली. घरातला एखादा कागद उद्या कोणता प्रश्न सोडवील, हे आज कळत नाही. म्हणून तो हातानेच ठेवावा.