उद्दिष्ट हुकले, तर आराखडा तपासा

विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाने ठरलेले उद्दिष्ट वर्षअखेरीस गाठले नाही, की अनेकदा तेच उद्दिष्ट पुढील वर्षाच्या आराखड्यात उतरवले जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका स्वमग्न मुलाच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने निर्वाळा दिला, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही; मुलाची परिस्थिती लक्षात घेता त्याची सुयोग्य प्रगती होईल, असाच आराखडा हवा. भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे.

उद्दिष्ट हुकल्यास प्रथम तीन बाबी तपासाव्यात : ते मोजता येण्याजोगे होते काय, ठरलेल्या तासिका प्रत्यक्षात झाल्या काय आणि शिकवण्याची पद्धत मुलाला मानवली काय. हातच्याची बेरीज जमत नसेल, तर आधी बिनहातच्याची उदाहरणे, मग दहा सुटे मणी ओवून दशकाची माळ करणे आणि त्यानंतर कागद, अशा पायऱ्या कराव्यात. दर आठवड्यास नोंद ठेवावी. काही आठवडे प्रगती दिसली नाही, तर वर्षअखेरीची वाट न पाहता पद्धत बदलावी. पालकांनी या नोंदी आवर्जून मागाव्यात. उद्दिष्ट सोपे करणे हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.