आजाऱ्याचा मध

आजारातून उठणाऱ्या माणसाला मध द्यावा की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेत केवळ वैद्यकाचा राहिलेला नाही. तो धर्मविचाराचाही झाला आहे. पालि विनयपिटकातील ‘महावग्गा’चा औषधविषयक खंड या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने भिक्षू ग्रासले. घेतलेली पेज व खाल्लेला भात उलटून पडे. ते कृश, निस्तेज झाले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. औषध म्हणून मान्य असेल, शरीराला पोसेल, पण ज्याला जेवण म्हणता येणार नाही, असे त्यांना काय द्यावे? या विचारातून बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी यांना अनुज्ञा दिली. आरंभी ती ठरलेल्या भोजनकाळापुरती होती. प्रकृती सुधारत नाही असे दिसताच ती सर्वकाळ झाली. पुढे या पदार्थांचा साठा होऊ लागला, तेव्हा सात दिवसांची मर्यादा आली.

‘सुश्रुतसंहिता’ मधाचे आठ प्रकार सांगते आणि नवा मध पुष्टी देणारा, तर जुना मेद झडवणारा मानते. परंतु पोळे पिळून मध काढायचा, तर त्यातील अंडी, अळ्या व त्यांच्यासाठी साठवलेला पराग हे सारेच चिरडले जाते. धम्मपदाच्या अट्ठकथेत वानराने दिलेले पोळे बुद्ध लगेच सेवन करीत नाहीत. वानराने त्यातील अंडी काढल्यावरच ते स्वीकारतात. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र याहून कठोर आहेत. ‘योगशास्त्रा’त त्यांनी औषध म्हणून घेतलेला मधही निषिद्ध ठरवला. एकीकडे आजाऱ्याविषयीची करुणा, दुसरीकडे माशीविषयीची. दोन्ही अहिंसेच्याच परंपरा.

या पेचाला विसाव्या शतकात कारागिरीने काही उत्तर दिले. 1934 मध्ये स्थापन झालेल्या, वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यात मधमाशीपालनही होते. लाकडी पेटीत अळ्यांचा आणि मधाचा कप्पा वेगळा असतो. चौकटी यंत्रात फिरवून मध काढला, की पोळे शाबूत राहते. तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. आज पेटीच्या दाराशी जाळी लावून माशीच्या पायांवरील परागाच्या गोळ्याही उतरवून घेतल्या जातात व शक्तिवर्धक म्हणून विकल्या जातात. तो पराग मुळात तिच्या अळ्यांच्या पोषणाचा असतो. सात दिवसांची ती जुनी मर्यादा अशा वेळी केवळ भिक्षूंपुरती वाटत नाही. आजाऱ्याची गरज आणि निरोग्याचा साठा यांत तिने केलेला भेद अजूनही विचारात घ्यावा असा आहे.