‘लिव्हिंग’ म्हणजे काय?

मी नवखा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात गोल्डस्मिथच्या ‘व्हिकर ऑफ वेकफील्ड’ (१७६६) ह्या कादंबरीची कथा सांगत होतो. तिचा नायक डॉ. प्रिमरोज हा धर्मोपदेशक आपल्या ‘लिव्हिंग’चे सालीना ३५ पौंड धर्मोपदेशकांच्या विधवांना व पोरक्या मुलांना देऊन टाकतो. एका मुलाने विचारले, “सर, लिव्हिंग म्हणजे?” मी ठोकून दिले, “पगार!”

पुढे कोश उघडला आणि वरमलो. तो पगार नव्हताच. ते पदाला कायमचे जोडलेले उत्पन्न होते; आपल्याकडच्या देवस्थान इनामाची आठवण व्हावी असे. त्याचे शास्त्रोक्त नाव ‘बेनिफिस’. लॅटिन ‘बेनेफिकियुम’ म्हणजे उपकार. आठव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात सेवेच्या मोबदल्यात हयातीपुरती दिलेली जमीन ह्या नावाने ओळखली जाई. चर्चनेही पुढे तोच शब्द उचलला.

इंग्लंडात ‘रेक्टर’ला चर्चची जमीन आणि गावच्या पिकाचा दशांश मिळे. पुष्कळ ठिकाणी एखादा मठच रेक्टर होऊन बसे, धान्याचा दशांश स्वतः घेई आणि कामाला बदली माणूस नेमी. ‘व्हिकर’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘बदली’!

ह्या उत्पन्नामागे एक कर्तव्य होते : ‘क्युरा अनिमारुम’, म्हणजे गावकऱ्यांच्या आत्म्यांची काळजी. अशी दोन पदे कोणी घेऊ नयेत म्हणून १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरविले, की दुसरे घेताच पहिले जाईल. परंतु खास परवानग्या निघाल्या. एकेकाने अनेक पदे बळकावली आणि काम तुटपुंज्या पैशात क्युरेटवर सोपविले. काही पदांना तर काळजीचे कामच नव्हते. ती ‘सिने क्युरा’, काळजीविना. त्यातूनच ‘सिनेक्युअर’ हा शब्द आला.

१८३८ च्या कायद्याने इंग्लंडात ह्या प्रकाराला लगाम घातला. दशांशाचा आकार १९३६ च्या कायद्याने संपला आणि १९७८ साली जमिनीही धर्मप्रांतांकडे गेल्या. आता तेथील धर्मोपदेशकाला ठराविक वेतन मिळते. म्हणजे माझे चुकीचे उत्तर दोनशे वर्षांनी जवळजवळ बरोबर ठरले!

तो विद्यार्थी पुन्हा भेटला नाही. पण दर महिन्याला पगारपत्रकावर सही करताना त्याचा प्रश्न आठवतो; आणि त्या महिन्यात मुलांची ‘क्युरा’ किती झाली, ह्याचा हिशेब मी मनाशी मांडतो.