आजीची वही आणि झुंजार : एका हट्टाची माघार

आजचा भाग म्हणजे सरळ सरळ माघार आहे. दोन वर्षं तुम्ही मेसेज टाकत होता, "दादा, बाबूराव अर्नाळकरांवर करा ना." मी टाळत होतो. एका भागात तर बोलून गेलो, की रहस्यकथा हा टाइमपास आहे, त्यात इतिहास शोधू नये.

तो भाग अकोल्याला माझ्या आजीनं ऐकला. चौथी शिकलेली बाई, आयुष्यभर वाचलं ते अर्नाळकर. फोनवर एवढंच म्हणाली, "काऊन रे, माह्या पुस्तकायची तुले लाज वाटते का?"

मी हसण्यावारी नेलं. गेल्या दिवाळीत ती गेली. तिच्या पेटीत एक शाळकरी वही सापडली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी माणूस. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत गिरगावात चष्म्याचं दुकान. 1936 ते 1984 या काळात 1,092 रहस्यकथा. गिनीज बुकात नोंद आहे. हिशेब केला तर महिन्याला जवळपास दोन पुस्तकं, तीही अठ्ठेचाळीस वर्षं! आपल्याला आठवड्याला एक एपिसोड झेपत नाही. 1996 मध्ये ते गेले.

एवढं लिहायचं म्हणजे नायक तयार हवेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची, हे उघड आहे. इंग्रजी रहस्यकथांतून अर्नाळकरांनी भरपूर उचललं. पण होम्सला कंटाळून डॉयलनं त्याला 1893 मध्ये मारून टाकलं आणि शेवटी वाचकांपुढे हात टेकून परत आणलं. अर्नाळकरांना तसा कंटाळा आलेला दिसत नाही.

आता हे वेड वऱ्हाडात कसं टिकलं? 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात नव्हतोच, कारभार नागपूरहून चालायचा. गिरगाव आपल्यासाठी परप्रांतच. पण मुंबई-नागपूर रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत जाते, आणि पुस्तकाला सरकारी हद्द कळत नाही. खरं काम केलं भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या छोट्या दुकानांनी. आजीचं दुकान ताजनापेठेत होतं. पुस्तक आज न्यायचं, उद्या परत. उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचं भाडं. म्हणून पुस्तक पातळ, प्रकरणं छोटी, आणि संपताना मागे कुणीतरी पिस्तूल रोखून उभा. एका रात्रीत, कंदिलाखाली, स्वयंपाक आवरल्यावर संपेल इतकंच. माझ्या मते हे वेड समीक्षकांनी नाही, जाहिरातीनं तर नाहीच, या एका रात्रीच्या मुदतीनं वाढवलं.

शेवटी मीही वाचलं. अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत झुंजार उघडला. खरं सांगतो, पहिल्या तीस पानांत चार योगायोग झाले आणि मी नाक मुरडलं. भाषा जुनी, खलनायक चेहऱ्यावरूनच खलनायक. मूर्तिजापूर कधी गेलं ते मात्र कळलं नाही. आणि झुंजारची बायको विजया! ती नुसती वाट पाहत बसत नाही, नवऱ्याच्या साहसात उतरते. चुलीपुढच्या माझ्या आजीला ती काय वाटली असेल, हे विचारायचं राहिलं. विचारता आलं असतं, वीस वर्षं ती समोर होती.

तर ती वही. एकच पुस्तक दोनदा भाड्यानं आणून पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तिनं वाचलेल्याची यादी ठेवली होती. 312 नोंदी, पेन्सिलीनं, र्‍हस्व-दीर्घाच्या सगळ्या चुकांसकट. त्या दुकानाच्या जागी आज मोबाइल रिपेअरिंग आहे, पुस्तकं कधीच रद्दीत गेली. ताजनापेठेतली एक बाई काय वाचत होती, याचा एवढाच कागद उरलाय, आणि मी म्हणत होतो यात इतिहास नाही.

काही नोंदींत पुस्तकाचं नावच नाही, कारण भाड्याच्या प्रतींची पहिली पानं फाटलेली असायची. तिथं तिनं लिहिलंय: "झुंजारचं. लाल कव्हर. वाचलं आहे, आणू नये." अशा अकरा नोंदी आहेत. तुमच्या घरी माळ्यावर लाल कव्हरचा झुंजार असेल, तर पहिल्या पानाचा फोटो पाठवा.